निवेखोलची हौसा पाथरवटीण

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. निवेखोल तेव्हा डोंगराच्या पायथ्याचं बावीस घरांचं गाव होतं. तिथं हौसा नावाची पाथरवटीण राहायची. नवरा गेला तेव्हा तिनं त्याची पहार उचलली, ती कधी खाली ठेवलीच नाही. दगडावर हात ठेवला की तो पावसात कुठल्या अंगाला सरकेल हे तिला कळायचं, असं म्हणतात.

गावच्या खोतांच्या मनात आलं, डोंगराच्या उतारावर देवीसाठी फुलबाग करावी. सोनचाफा, तगर, अनंत, सगळं टप्प्याटप्प्यानं खाली उतरणारं. उतारावरची झाडं तोडली आणि माती अडवायला हौसाला बोलावलं. तिनं ओढ्यातले, डोंगरातले ओबडधोबड दगड आणले. एकालाही छिन्नी लावली नाही, मध्ये चुना घातला नाही. दगडावर दगड असा बसवला की वरच्याचा भार खालच्यानं झेलावा. बाग अशी दिसू लागली, जणू डोंगरानंच लावली.

खोत बघायला आले. "हौसे, ही कसली भिंत? फटीतून हात जातो माझा. पाहुणे हसतील."

"खोतबाबा, हात जातो तिथूनच पाणी जाईल. ते कोंडलं तर खाली आमची घरं आहेत."

खोतांनी ऐकलं नाही. दुसरे गवंडी आणून सगळ्या फटी चुन्यानं बुजवल्या. भिंत पांढरीशुभ्र झाली. त्या दिवसापासून हौसाला घास गोड लागेना. येता-जाता ती भिंतीला तळवा लावून उभी राहायची.

श्रावणात आठ दिवस झड लागली. नवव्या दिवशी सकाळी बायका भिंतीखालच्या झऱ्यावर गेल्या आणि रिकामे हंडे घेऊन परतल्या. आभाळ कोसळत होतं, आणि झरा कोरडा! देवी कोपली, असं लोकांना वाटलं. हौसाचा चेहरा मात्र उतरला.

"पाणी आटलं नाही गं, वर साठलंय. पोरं घ्या, गुरं सोडा, पलीकडच्या टेकाडावर जा!"

ती पहार घेऊन वर धावली. भिंतीला पोट आलं होतं. आतून घरघर ऐकू येत होती. खोत आडवे आले.

"भिंतीला हात लावायचा नाही, हौसे."

"मी नाही लावत. तुम्ही लावा. तळहात ठेवून बघा."

खोतांनी हात ठेवला. भ्यालेल्या गाईचं अंग थरथरावं तशी भिंत थरथरत होती. ते तसेच मागं वळले. जाऊन कुदळ घेऊन आले.

दोघांनी खालच्या थरापासून चुना फोडायला घेतला. एकेका फटीतून तांबडं पाणी उसळू लागलं. दुपारी मधला मोठा धोंडा सरकला. तो सुटला असता तर गाव उरलं नसतं. हौसानं त्याला पाठ लावली, पाय रोवले.

"थांबू नका, खोतबाबा! फोडत राहा!"

तीन दिवस ती तशीच उभी होती, असं म्हणतात. सगळा डोंगर तिच्या पाठीवर ओणवला होता, आणि लेकराला समजवावं तसं ती त्याला म्हणत होती, "हळू रे, हळू." खोतांनी हे मरेपर्यंत सांगितलं.

चौथ्या दिवशी फटींतून नितळ पाणी आलं. धोंडा जागच्या जागी बसला होता. घरं सगळी उभी होती. हौसा तेवढी नव्हती. कोणी म्हणतात ती धोंड्यात शिरली, कोणी म्हणतात पाण्यासोबत गेली. खोत ओढ्याच्या काठानं खाडीपर्यंत तिला हाका मारत गेले आणि एकटेच परत आले.

निवेखोलात आजही बागेच्या भिंतीला कोणी चुना लावत नाही. वैशाख सरता सरता प्रत्येक घरातून एक माणूस ओढ्यातला दगड आणतो, जसा आहे तसा भिंतीत बसवतो आणि फटींतला पाला हातानं काढतो. पहिला हात खोतांच्या घरचा. आणि झड लागली की माणसं सकाळी उठून आधी झऱ्यावर जातात. पाणी वाहताना दिसलं की म्हणतात, "हौसाबाय, आहेस गं." मगच घरोघर चुली पेटतात.