पिकअपवरचं भाषण

आमदार धैर्यशीलरावांनी प्रचाराच्या पिकअपमध्ये इलाही मुजावरकडून दणदणीत अ‍ॅम्प्लिफायर आणि चार मोठे स्पीकर बसवून घेतले. मग त्यालाच सोबत घेऊन ते हिवरटेकडीला गेले. इलाही मूळचा तिथलाच. आमदार मात्र मागच्या निवडणुकीनंतर प्रथमच येत होते.

"यंदा घराघरांत नळ देणार!" आमदार घसा ताणून बोलले. एकही दार उघडलं नाही. ते इलाहीवर खेकसले, "कसले भंगार स्पीकर हे? शेवटच्या घरापर्यंत आवाजच पोचत नाही!"

"आवाज शेवटच्या घरापर्यंत पोचला, साहेब," इलाही म्हणाला. "पाणी पहिल्या घरापर्यंतही पोचलं नाही, म्हणून ऐकायला कुणी उरलं नाही."

आमदारांनी माइक खाली ठेवला. इलाही गाडीतून उतरला आणि आपल्या कुलूपबंद घराच्या पायरीवर जाऊन बसला.