अकरावे मैदान

विमानातून काढलेली छायाचित्रे वाचण्यात ज्यांचे सारे आयुष्य गेले, असे एक वृद्ध गृहस्थ एकदा एका जिल्ह्याच्या गावी निवृत्त होऊन राहिले होते. टिपणीस त्यांचे आडनाव. वरून पाहिलेली जमीन इतरांना सगळीकडे सारखीच दिसे. सरांना मात्र त्यात विहीर कोणती आणि खाण कोणती, बाग कोणती आणि रान कोणते, हे अक्षर वाचावे तसे कळे. ही विद्या शिकायला त्यांच्याकडे चार-दोन तरुण येत. त्यांत रेवण बंडगर सर्वांत हुशार होता आणि सर्वांत रागीटही.

त्याच्या रागाला कारण होते. रेवण माळवंडीचा. गावाबाहेरच्या विस्तीर्ण माळावर त्याच्या आज्या-पणज्यांपासून त्यांची मेंढरे चरत आली होती. नऊ वर्षांपूर्वी तो माळ कुंपणात गेला आणि त्यावर गोल्फचे मैदान झाले. मेंढरे विकावी लागली. रेवणचे वडील त्याच मैदानाच्या फाटकावर पहारेकरी म्हणून लागले. ज्या माळावर ते काठी खांद्यावर टाकून राजासारखे फिरले, त्याच माळाच्या दाराशी निळा गणवेश घालून ते आता येणाऱ्या प्रत्येक मोटारीला सलाम करत. रेवणने ते एकदा पाहिले आणि पुन्हा त्या रस्त्याने गेला नाही.

पुढे एक वर्ष असे आले की जिल्ह्यात पाणीच उरले नाही. गावांना आठवड्यातून एकदा टँकर. तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी हुकूम काढला, की पाऊस पडेपर्यंत गोल्फच्या एकाही मैदानाला कालव्याचे पाणी मिळणार नाही. हुकूम चांगला होता. पण सरकारी कागदांत गोल्फची मैदाने दोनच होती. बाकीची कुठे फळबाग म्हणून नोंदलेली, कुठे रोपवाटिका, कुठे आरोग्यधाम. म्हणून विमानातून त्या थंडीत नुकतीच घेतलेली छायाचित्रे टिपणीस सरांकडे आली आणि त्यांवरून खरी यादी करून मागितली गेली. सरांनी ते काम रेवणवर सोपवले.

"शेताला बांध असतो, म्हणून कोपरा असतो," सरांनी त्याला सांगितले. "गोल्फच्या हिरवळीला कोपरा सापडणार नाही. वळणं घेत गेलेले लांबट हिरवे पट्टे, त्यांच्या टोकाशी गुळगुळीत गोल तुकडा, आणि आजूबाजूला पांढऱ्या वाळूचे खड्डे. एवढं एकत्र दिसलं की समज."

रेवण चार दिवस भिंगावरून हलला नाही. एकेक मैदान सापडत गेले तसा त्याचा संताप चढत गेला. आरोग्यधामात नऊ हिरवे गोल निघाले, रोपवाटिकेत अठरा. भोवतालची गावे भाजलेल्या भाकरीसारखी करडी, आणि मध्येच ही ओली, लुसलुशीत हिरवळ. सर्वांत जास्त तो खवळला खडकवाडीचे छायाचित्र पाहून. इतर ठिकाणी वाळूचे नुसते पांढरे डाग दिसत होते. खडकवाडीला मात्र खोल, गोल खड्डे अगदी स्पष्ट दिसत होते. पाचव्या दिवशी त्याने अकरा छायाचित्रे सरांपुढे आपटली.

"अकरा, सर! दोन म्हणत होते, अकरा निघाली. उद्या सकाळी यादी द्यायची आहे. सही करा."

तेव्हा सरांनी एक विचित्र गोष्ट केली. पहिले छायाचित्र उचलून त्यांनी ते उलटे फिरवले, वरची बाजू खाली. तसेच ठेवून भिंगातून पाहिले आणि मागे सही केली. दुसरेही तसेच. अशा दहा सह्या झाल्या. अकरावे खडकवाडीचे. ते फिरवले, पाहिले, सुलट केले, पुन्हा फिरवले, आणि सही न करता बाजूला ठेवले.

"याच्यावर सही नाही. तिथे जाऊन ये."

"जाऊन ये? खडकवाडीला जाऊन यायला अख्खा दिवस जातो, सर. यादी उद्या द्यायचीय."

"मग दहांचीच दे. सावली कुठे पडली आहे, पाहिलंस का?"

"सावली?" रेवणचा आवाज चढला. "गावात बाया एका हंड्यासाठी तीन-तीन तास उभ्या आहेत, आणि तुम्ही मला सावली विचारता? हिरवे पट्टे आहेत, कोपरा नाही, खड्डे तर सगळ्यांत ठळक इथलेच आहेत. तुम्हीच शिकवलंत ना? का..." इथे त्याने थांबायला हवे होते. तो थांबला नाही. "का त्या लोकांनी तुम्हालाही क्लबात चहाला बोलावलंय?"

सरांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चालता हो," ते म्हणाले. "यादी तुझी आहे. तुला हवी तशी दे."

रेवणने अकराव्या छायाचित्रावर स्वतःची सही केली आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा नावांची यादी कचेरीत दिली. यादीवर टिपणीस सरांचे नाव पाहून कोणी प्रत्येक कागद उलटून पाहिला नाही. पाणी तोडण्याचा हुकूम त्याच दिवशी सुटला.

चार दिवसांनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निरोप आला की एका मैदानाचे पाणी तोडले, कालव्याच्या दाराला कुलूप घातले. "कुठलं?" रेवणने विचारले. "खडकवाडीचं." त्याला इतका आनंद झाला की त्याने हातातले काम टाकले आणि एस.टी. पकडली. सुकत चाललेली ती हिरवळ त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती, आणि परत जाऊन सरांच्या तोंडावर ते सांगायचे होते.

खडकवाडीला फाटक नव्हते. पहारेकरीही नव्हता. रंग उडालेल्या पाटीवर 'पांजरपोळ' असे लिहिले होते. आत पत्र्याखाली भाकड गाई, थकलेले बैल, पाय मोडलेली वासरे, अशी दोन-अडीचशे जनावरे उभी होती. पलीकडे सगळा उघडा खडक. त्या खडकातल्या खोलगट जागा खणून, त्यांत तळ्यातला गाळ आणून टाकून, लोकांनी चाऱ्याचे गवत लावले होते. खडकाला कोपरे नव्हते, म्हणून गवतालाही नव्हते. आणि खणताना निघालेली पांढरी चुनखडी कडेला रचून ठेवली होती. रेवण त्यातल्या एका ढिगाजवळ जाऊन उभा राहिला. ढीग त्याच्या डोक्यापेक्षा उंच होता. चार दिवस भिंगाखाली ज्याला तो खड्डा म्हणत होता, तो हाच.

डोक्यावर हंडा घेऊन एक साठीची बाई आली. पांजरपोळाची सगळी राखण तिच्याकडे होती. चांगुणाबाई तिचे नाव. त्याच्या हातातली कागदांची पिशवी पाहून तिने हंडा खाली आदळला.

"आता काय राहिलंय बंद करायचं?"

"मावशी, मी पाणी खात्यातला नाही."

"मग जाऊन सांग त्यांना! तिघं आले, कागद दाखवला, कुलूप ठोकून गेले. म्हणे तुम्ही गोल्फ लावलाय. मी म्हटलं, आम्ही गवत लावलंय. तर म्हणतात, तेच ते!" ती धापा टाकत होती. "गोल्फ म्हणजे काय रे?"

रेवणने पिशवी खाली ठेवली. "खेळ असतो, मावशी. काठीनं चेंडू मारायचा."

"आणि त्याला गवत लागतं?"

"हो."

"चरतं कोण ते?"

"कुणी नाही."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "आमचं नाव कुणी घातलं त्यात? कुठला मेला बसून लिहितो हे?"

"मी," रेवण म्हणाला. "मी लिहिलं."

चांगुणाबाई ओरडली नाही. तिने त्याचे मनगट घट्ट धरले आणि त्याला ओढत पत्र्याच्या पार टोकाला नेले. तिथे एक म्हातारा बैल आदल्या दिवसापासून बसून होता. त्याचे डोळे उघडे होते, पण मान उचलत नव्हती. "दाखव," ती म्हणाली. "तुझं तोंड दाखव त्याला."

त्या दुपारी रेवण गावच्या टाकीवरून पाणी वाहत राहिला. बैल उठला नाही. रात्री परतून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आपली चूक स्वतःच्या हाताने लिहून दिली आणि खडकवाडीचे कुलूप काढायला लावले. तिथल्या अभियंत्याला त्याने विचारले, "बाकीच्या दहांचं पाणी का नाही तोडलं?"

अभियंता खाली मान घालून म्हणाला, "त्यांचे फोन आले. खडकवाडीचा कुणाचा फोन आला नाही."

आठवड्यात पुढचे झाले. जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या सुनावणीत दहा मैदानांच्या वकिलांनी रेवणचेच पत्र पुढे केले. पांजरपोळाला गोल्फ म्हणणारी यादी खरी कशी मानायची, असा त्यांचा सवाल होता. सारी यादी रद्द झाली. दहा ठिकाणचे फवारे पूर्ववत उडत राहिले.

मग रेवण सरांकडे गेला. उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "सर, मी तुमच्याबद्दल जे बोललो ते..."

"ते राहू दे. आत ये." सर अजून रागावलेलेच होते, ते त्यांनी लपवले नाही. त्यांनी कचेरीतून परत आलेले खडकवाडीचे छायाचित्र त्याच्यापुढे टाकले. "आपल्याकडे थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेला असतो, सावली उत्तरेला पडते. उत्तर वर धरून छायाचित्र पाहिलं की त्यात उजेड खालून येतो. डोळा तर जन्मभर वरून येणाऱ्या उजेडाला सरावलेला. तो फसतो. ढीग त्याला खड्डा दिसतो, खड्डा ढीग. म्हणून मी छायाचित्र फिरवतो. बस, एवढंच. ही दोन वाक्यं मी त्या दिवशी सांगितली असती तर खडकवाडीचं पाणी गेलं नसतं. तू माझा अपमान केलास, मला राग आला, आणि मी तोंड मिटून बसलो. तेव्हा त्या बैलाचं पाप निम्मं माझं आहे."

रेवणने छायाचित्र उचलले आणि उलटे फिरवून पाहिले.

"आता नीट ऐक. राग सोड, असं मी तुला सांगणार नाही. माळवंडीचा माळ पाहून तुला राग येत नसता, तर मी तुला शिकवलंच नसतं. मलाही येतो. पण त्या मैदानवाल्यांच्या चुका झाकायला वकील आहेत, फोन आहेत. तुझी चूक झाली की ती आधी जाऊन पडते तिथे, जिथे फाटक नाही. आणि मग तीच चूक ते ढालीसारखी पुढे धरतात. म्हणून ज्याचा राग खरा आहे, त्याला चूक परवडत नाही, रेवण. ती चैन त्यांची आहे."

दुसऱ्या दिवसापासून रेवण दहाही ठिकाणी गेला. कुठे कुंपणाबाहेरून चालला, कुठे शेजारच्या टेकडीवर बसला, कुठे फाटकावरच्या पोरांची दगडासारखी लागणारी बोलणी खाल्ली. माळवंडीला वडिलांनी त्याला फाटकाजवळ पाहिले, आणि त्याने काही विचारण्याआधीच म्हणाले, "सतरा फवारे आहेत. दोन वेळा सोडतात, पहाटे आणि दुपारी. ये, मोजून घे. माझ्या शब्दावर जाऊ नकोस." नोकरी गेली तर, हे त्या दोघांपैकी कोणीच बोलले नाही.

रेवणने दहांची नवी यादी दिली आणि पुन्हा सुनावणी झाली. क्लबांचे वकील हसत उभे राहिले. "मागच्या वेळी हे गृहस्थ अकरा म्हणाले, त्यातलं एक गुरांचं निघालं. आज दहा म्हणतात. उद्या नऊ म्हणतील!" मागच्या बाकांवर हशा पिकला.

रेवणच्या कानशिलांत रक्त उसळले. तो उठून उभा राहिला आणि हशा थांबू दिला.

"अकराव्याला मी चुकलो," तो म्हणाला. "तिथे एक बैल मेला. ते माझ्या नावावर लिहून ठेवा. या दहांपैकी प्रत्येक ठिकाणी मी स्वतः उभा राहून आलो आहे. कुठल्याही ठिकाणचं काहीही विचारा."

वकिलांनी आरोग्यधामाचे विचारले. त्याने तळ्याची जागा, पंपांची संख्या आणि कालव्याच्या दाराचा क्रमांक सांगितला. त्यांनी रोपवाटिकेचे विचारले. तो म्हणाला, "तिथे एकही रोप नाही, चेंडूच्या भोकांवर रोवलेले अठरा झेंडे आहेत." त्यांनी माळवंडीचे विचारले, आणि उत्तर ऐकून झाल्यावर ते खाली बसले.

दोन दिवसांत दहा कुलपे लागली. माळवंडीच्या कालव्यावर कुलूप घालताना क्लबाचे चिटणीस रेवणला तावातावाने म्हणाले, "पंधरा दिवसांत सगळी हिरवळ जळेल, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," रेवण म्हणाला. कुलूप नीट बसले आहे ना, हे त्याने हाताने ओढून पाहिले, वहीत वेळ लिहिली, आणि हिरवळीकडे न पाहता तो रस्त्याला लागला. त्याचा राग कमी झाला नव्हता. पण तो आता कोणाच्या तोंडावर काही फेकण्यासाठी घाई करत नव्हता.

ज्याच्या रागामागे न्याय उभा आहे, त्याने इतरांपेक्षा एकदा जास्त पाहून घ्यावे. त्याच्या चुकीची वाट पाहणारे पुष्कळ असतात, आणि ती चूक सोसणारे नेहमी दुसरेच कोणी असतात.