पालथी घागर

एका बंदरात धाकोजी नावाचा तांडेल राहत होता. दर्याचा मोठा जाणकार, आणि मनाचाही वाईट नव्हे. शेजारच्या राजाशी लढाई जुंपली तेव्हा त्याच्या राजाने त्याला गलबत दिले आणि फर्मावले, "शत्रूची मालाची जहाजे लूट. रसद तुटली की लढाई आपली."

धाकोजीने चाकरी इमानाने केली. माल घ्यायचा, माणसाला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. पण व्यापारी कसले चपळ! त्याचे निशाण दिसले की शिडात वारा भरून पसार.

त्या दर्यावर एक जुनी रीत होती. ज्याचे पिण्याचे पाणी संपले त्याने डोलकाठीवर पालथी घागर टांगायची. ती दिसली की मित्र असो वा वैरी, पाणी घेऊन जायचेच. धाकोजीने निशाण उतरवले आणि घागर टांगली. मग जहाजे आपण होऊन जवळ येऊ लागली आणि लुटली जाऊ लागली. शत्रूकडचा म्हातारा कासम नाखवा तर पाण्याचे पिंप स्वतः उचलून आला होता.

गलबतावर धाकोजीचा धाकटा भाऊ भिकू होता. तो म्हणाला, "दादा, लूट करायची तर कर, पण ती घागर उतरव."

"लढाईत सोवळं पाळून कसं चालेल रे?" धाकोजी हसला. भिकूचे सांगणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पुढे एका वादळात गलबताचे सुकाणू मोडले, होडी वाहून गेली, पाण्याची पिंपे फुटली. भिकू तापाने फणफणला. पाणी पाणी करू लागला. धाकोजीने घागर टांगली, या वेळी खरी. एक जहाज दिसले आणि माघारी वळले. दुसरेही वळले. तिसऱ्यावर तर त्याच्याच राजाचे निशाण होते. घागरीला भिऊन तेही पळाले.

अखेर एक जहाज हाकेच्या अंतरावर थांबले. कासम नाखवाच तो.

"तांडेल, घागर दिसली, पाणी देतो. जवळ यायचं तेवढं सांगू नकोस!"

त्याने पिंप लाटांवर सोडले. धाकोजीने दर्यात उडी घेतली. पिंप पुढे पुढे वाहत चालले होते. ते ओढत तो परतला तोवर दिवस कलला होता. त्याने भिकूचे डोके मांडीवर घेतले आणि ओंजळ ओठांना लावली. पाणी ओठांवरून ओघळून गेले.

बिचारा धाकोजी! पिंप भरलेले होते, आणि प्यायला भाऊ नव्हता.

तात्पर्य: वैऱ्याशी लढावे, पण त्याच्या दयेला फसवू नये. फसलेली दया आलीच, तरी लांबून येते आणि उशिरा पोहोचते.