हलका लॅपटॉप, जड पिशवी

डोंगरमाथ्यावरच्या कोंडवळच्या शाळेत मोबाइलला रेंज हवी असेल, तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागायचं. अशा शाळेच्या अध्यक्षांना, शेलारसाहेबांना, एका विक्रेत्यानं पुरतं भुलवलं होतं. त्याचा इंटरनेटवर चालणारा लॅपटॉप पापडासारखा हलका होता.

"आत काही साठवायचंच नाही, सगळं इंटरनेटवर! चाळीस घ्या साहेब, पै न् पै वसूल!"

गावानं वर्गणी काढून जमवलेले पैसे होते. पण साहेबांपुढे बोलायची कुणाची छाती? साहेबांनी सहीसाठी पेन काढलं.

संगणक शिकवणाऱ्या टेमकरबाईंना मात्र पाणी कुठंतरी मुरतंय असं वाटत होतं. यंत्र एवढं हलकं, मग या माणसाचा खांदा पिशवीनं वाकलाय कशानं?

"पिशवीत काय आहे हो?"

विक्रेता चाचरला. "माझा जुना लॅपटॉप. कोटेशनं वगैरे त्यात आहेत."

"या नव्यात का नाही ठेवली?"

"अहो बाई, डोंगरात रेंजचा काय भरवसा!"

साहेबांचं पेन हवेतच थांबलं.

"करा की सही, साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या. "चाळीस घेऊच. फक्त हे विकतात ते नकोत, हे स्वतः वागवतात तसले घेऊ."