सांडग्यांचं ताट

मळ्यावरच्या रडक्या नेटमुळे मुक्ता अभ्यासात मागे पडेल, या काळजीनं माझा डोळा लागला नाही. सकाळी तिला सांगायला मला गोष्टही तसलीच सुचली.

फार पूर्वी एका मळ्यात लांबचा टॉवर आणि जमिनीखालची केबल छपरावरच्या डिशला चिडवत असत, "तू कसलं नेट आणतेस? तू तर सांडग्यांचं ताट."

एकदा म्हैस अडली. ती डॉक्टरांना फोनवर दाखवायची होती. टॉवर म्हणाला, "मध्ये टेकडी येते." केबल म्हणाली, "मला काल नांगरानं तोडलं."

डिश मालकिणीला म्हणाली, "काकू, तेवढे सांडगे उचला. मला आभाळ दिसू दे."

काकूंनी उचलले. डॉक्टर दिसले आणि रेडकू सुखरूप बाहेर आलं.

मी तात्पर्य जुळवतच होते, तेवढ्यात मुक्ता म्हणाली, "मग आई, आपल्या डिशमध्ये तू कुरडया का घालतेस?"