मंदाताईंची विणायची सुई

“पण झालं हे कळायचं कसं, बाई? तेवढं एक सांगा. बाकी सगळं मला येतं.”

मंदाताई भोयर चपला काढता काढताच विचारत होत्या. एका हातात संत्र्यांची पिशवी, दुसऱ्या हातात विणायची सुई.

नागपुरात घरी केक करणाऱ्या बायकांचं काही अडलं, की त्या एस्तेरबाई रणपिशांच्या स्वयंपाकघरात येतात. बाईंचं वय झालंय, बोलणं कमी झालंय. ओव्हन मात्र अजून रोज तापतो.

“सुई कशाला?” बाईंनी विचारलं.

“टोचून पाहायला! कोरडी निघाली की केक झाला. माझा केक आजवर एकदाही आतून ओला राहिला नाही. कॉलनीत कोणालाही विचारा.”

“मग अडलं कुठं?”

मंदाताईंचा चेहरा जरा उतरला.

“ब्राउनी जमत नाही. चॉकलेट-संत्र्याची, ती आतून मऊ, दाताला चिकटणारी. माझी पार कोरडी होते. हे म्हणतात, चहात बुडवून खाऊ.” पण उतरलेला चेहरा टिकतो कुठला? लगेच खुलल्या. “आज मृणाल येऊन राहिली नं, बाई! वर्षानं येऊन राहिली पोरगी! पुण्याहून गाडीत बसली. आणि तिला एवढंच खायचं आहे.”

“छान.”

“छान काय... तिला लडाखला नोकरी लागली. मातीच्या शाळा बांधायच्या म्हणे, तिथल्या थंडीत! मला विचारायला येऊन राहिली. मी आधी पोटभर ब्राउनी खाऊ घालते, अन् मग सांगते, जायचं नाही. साधा कुकर लावता येत नाही तिला. एवढ्या दूर कशी राहील?”

बाईंनी चॉकलेट आणि लोणी मंद आचेवर ठेवलं.

मंदाताईंनी फोन लावला.

“कुठं पोचली? अकोला? जेवली नं? बरं, खिडकी लावून घे.”

फोन ठेवला आणि पिशवीतलं संत्रं उचलून सोलून टाकलं. नागपूरकराच्या हाती संत्रं आलं, की डोक्याला न विचारता बोटं कामाला लागतात. आता फोडी वाटीत पिळणार, तोच बाईंनी वाटी पुढ्यात ओढली आणि एकेक फोड निवांत खायला लागल्या.

“बाई! रस...”

“रस घातला तर पातळ होईल. वास सालीत आहे. आधी किस, मग सोल.”

दुसरं संत्रं अख्खंच किसणीवर फिरलं, अगदी हलक्या हातानं. नारिंगी कीस साखरेत पडला. मंदाताईंनी तो बोटांनी चोळला मात्र, सगळ्या स्वयंपाकघरात घमघमाट सुटला. त्या टाळ्या पिटायच्या तेवढ्या बाकी राहिल्या.

“अवं बाई, हे तर आपण फेकून देतो!”

“हं,” फोड चावत बाई म्हणाल्या.

साखरेत अंडी फेटली, वितळलेलं चॉकलेट ओतलं, मैदा जेमतेम मिसळला. ट्रे ओव्हनमध्ये गेला आणि मंदाताई समोर बसल्या. बसल्या म्हणजे काय, टेकल्या आणि उठल्या.

ओव्हनचं दार उघडलं. सुई खुपसली. ओली.

दार लावलं. फोन लावला. “बडनेरा आलं? मग सांगितलं का नाही? सामानाकडं लक्ष आहे नं?”

दार उघडलं. सुई. ओली.

“आता पाणी प्यायली का ते विचारते, अन् तेवढ्यात...”

बाईंनी हात पुढं केला.

मंदाताईंनी मोठ्या आनंदानं सुई त्यांच्या हाती दिली. गुरूच आता टोचून दाखवणार, याहून भाग्य ते कोणतं!

बाईंनी सुई पदराला पुसली. आणि आपल्या पांढऱ्या अंबाड्यात खोचून दिली.

“बस आता.”

मंदाताई बसल्या. हात मांडीवर ठेवले, तेही ठेवल्या जागी राहीनात. ओव्हनमधून आधी चॉकलेटचा वास आला, मग त्याच्या मागून संत्र्याचा. वरचा पापुद्रा चकाकायला लागला. कडा धरल्या. मधला भाग अजून थरथरत होता.

बाईंनी ट्रे बाहेर काढला.

“मधात हलून राहिलं!” मंदाताई ओरडल्याच. “बाई, परत ठेवा! वाया जाईल सगळं! गाडी यायची वेळ होत आली, दुसरं करायला वेळ नाही. पोरगी वर्षानं येऊन राहिली अन् मी तिला हे लिबलिबीत देऊ?”

बाईंनी ओव्हन बंद केला. ट्रे खिडकीत ठेवला, थंडीच्या दिवसांतला गार वारा यायचा तिथं. मग ओव्हनच्या दारापुढं स्टूल ओढून त्यावर बसल्या.

“गार होताना धरेल.”

“नाही धरलं तर?”

बाई उरलेल्या फोडी खात होत्या.

...

गार झाल्यावर सुरी फिरली. वरचा पापुद्रा चुरचुरला, आतून काळाभोर, दमट, मऊ तुकडा उचलला गेला. मोडला नाही, वाहिला नाही. मंदाताईंनी तोंडात टाकला.

“जमली! बाई, जमली!” त्यांनी बाईंना मिठीच मारली. हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. “माझ्या पोरीला हीच पाहिजे, अगदी हीच! पण मी पाहिलं नं... तुम्ही काढली तेव्हा ती झाली नव्हती.”

“नव्हतीच,” बाई म्हणाल्या. “झाली असती, तर काढायला उशीर झाला असता.”

मंदाताईंनी ट्रेच्या मधोमध बोट टेकवून पाहिलं. धरलं होतं.

...

वर्धा कधीच मागं पडलं असेल. मंदाताईंनी फोन हातात घेतला. मृणालचं नाव काढलं. बराच वेळ त्या नावाकडं पाहिलं. मग फोन पर्समध्ये टाकून दिला.

ब्राउनी डब्यात भरल्या, बाईंना वाकून नमस्कार केला आणि लगबगीनं दाराशी गेल्या. स्टेशन गाठायचं होतं. एका पायात चप्पल घातली आणि एकदम आठवण झाली.

“बाई, माझी सुई!”

बाईंनी अंबाड्याला हात लावून पाहिला. सुई जागेवर होती.

“पोरगी लडाखला पोचली, की घेऊन जा.”