कोकराला जागा

मेंढरांचे कळप माणदेशातून कोकणात पायी जात, तेव्हाची ही गोष्ट. म्हाकू धनगराकडे काजळी नावाची कुत्री होती. तिची पणजी, आजी, आई याच कळपामागे चालून म्हाताऱ्या झाल्या होत्या. कुत्री व्याली की पिलांत एक अशक्त कोकरू सोडायचं, आणि जे पिलू सरकून त्याला जागा आणि ऊब देईल तेच ठेवायचं, ही म्हाकूच्या घरची रीत.

एके वर्षी म्हाकूला साहेबाच्या बंगल्यावरच्या परदेशी कुत्र्याची भुरळ पडली. काजळीला त्याच्यापासून चार देखणी पिलं झाली. कोकरू सोडलं तर चारही त्याच्यावर गुरगुरली. तरी म्हाकूने त्यातलं थोराड पिलू ठेवलं.

ते मोठं झालं आणि एकदा वाटेत लांडगा आला. कुत्रा म्हाकूच्या पालाशी उभा राहून भुंकत राहिला. लांडग्याने कोकरू नेलं.

"मी मालकाला राखलं," कुत्रा म्हणाला.

"तुझं चुकलं नाही, बाळा," काजळी म्हणाली. "पण आपल्याकडे मेंढरांनाच मालक मानायचं."

तीन दिवस चालून म्हाकू काजळीला चुलत्याच्या कळपात घेऊन गेला. जुन्या वाणाचा एकच कुत्रा तिथे उरला होता.

काजळी पुन्हा व्याली. म्हाकूने पिलांत कोकरू सोडलं, तसं एक काटकुळं पिलू त्याला जागा देत झोपेतच बाजूला सरकलं.

म्हाकूच्या कळपातली सर्वांत म्हातारी मेंढी ते बघत होती. "काजळीची आईही अशीच सरकली होती," ती म्हणाली. "तेव्हा ते कोकरू मी होते."